व्हॉल्व्हच्या ऑसिलोस्कोपची रचना पडद्याकडून मागे का करावी?

नमस्कार. आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. आपल्याकडे तीन इंची पडद्याची एक जुनी सीआरटी (कॅथोड किरण नळी, जिच्या पडद्यावर चित्र उमटते) आहे आणि तिच्याभोवती संपूर्णपणे व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आकार दाखवणारे उपकरण, आपल्याला बांधायचा आहे. उभ्या (ठिपका वर-खाली हलवणाऱ्या) ॲम्प्लिफायरसाठी ईसीसी८३ या व्हॉल्व्हचे दोन टप्पे, टाइमबेससाठी (ठिपका डावीकडून उजवीकडे नेणाऱ्या भागासाठी) एक थायराट्रॉन म्हणजे वायूभरला व्हॉल्व्ह आणि विजेसाठी एकच ट्रान्सफॉर्मर असा आराखडा आपण केला आहे, आणि बँडविड्थ (किती वेगवान सिग्नल नीट दिसेल याची मर्यादा) १० मेगाहर्ट्‌झ मिळावी अशी आपली अपेक्षा आहे. १९५०च्या दशकातल्या चांगल्या ऑसिलोस्कोपच्या आकृत्यांमध्ये मात्र आपल्याला डझनावारी व्हॉल्व्ह दिसले. एवढे व्हॉल्व्ह खरोखर कशासाठी लागत होते आणि त्यांतले निम्मे गाळले तर काय बिघडेल, असे आपण विचारले आहे.

माझ्या मते व्हॉल्व्हची संख्या हा मूळ प्रश्नच नाही. सीआरटीच्या डिफ्लेक्शन प्लेट्सवर (इलेक्ट्रॉनांची शलाका वळवणाऱ्या पट्ट्यांवर) किती व्होल्ट, किती वेगाने आणि किती कपॅसिटन्स ओढत हलवायचे आहेत, हा मूळ प्रश्न आहे. या तीन गोष्टी ठरल्या की शेवटच्या टप्प्यातला करंट ठरतो, करंटावरून शेवटचा व्हॉल्व्ह ठरतो, त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवरून (करंट कमी-जास्त करणाऱ्या जाळीवरून) त्याच्या आधीचा टप्पा ठरतो, आणि असे मागे मागे जात आपण इनपुटच्या सॉकेटपर्यंत पोहोचतो. इनपुटकडून सुरुवात करून पडद्याकडे जाणारा आराखडा कागदावर नीट दिसतो, पण शेवटच्या टप्प्यापाशी तो हमखास अडतो. नेमके आकडे आपली सीआरटी कोणती, आपल्याला पाहायचे काय आणि वेळ मोजायची आहे की लहरीचा आकार दिसला तरी पुरे, यावर अवलंबून असतील. त्यामुळे खाली दिलेले आकडे तीन इंची नळीसाठी वाजवी धरलेले उदाहरण म्हणूनच घ्यावेत.

आधी सीआरटी पाहू. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ही नळी मोजमापाच्या कामासाठी वापरली तेव्हापासून तिच्यातला एक झगडा बदललेला नाही. इलेक्ट्रॉन जितक्या जास्त व्होल्टेजने वेगात आणावेत तितका ठिपका उजळ आणि बारीक होतो, पण तितकाच तो वळायलाही कठीण होतो. ठिपक्याचे विचलन प्लेट्सच्या लांबीच्या, त्यांच्यापासून पडद्यापर्यंतच्या अंतराच्या आणि प्लेट्समधील व्होल्टेजच्या सम प्रमाणात असते, तर प्लेट्समधील फटीच्या आणि त्वरण व्होल्टेजच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे १००० ऐवजी २००० व्होल्ट लावले की चित्र सुरेख होते आणि ॲम्प्लिफायरचे काम दुप्पट होते. फट कमी केली तर संवेदनशीलता वाढते, पण वळलेली शलाका प्लेटच्याच कडेला आपटते आणि पडद्याचा वरचा-खालचा भाग वाया जातो.

पुढच्या काळातल्या नळ्यांनी यावर चांगला उपाय काढला. शलाका आधी कमी व्होल्टेजवर वळवायची आणि प्लेट्स ओलांडल्यावर पडद्याजवळच्या वेगळ्या ॲनोडने (इलेक्ट्रॉन खेचणाऱ्या टोकाने) तिला पुन्हा वेग द्यायचा. टेक्ट्रॉनिक्सच्या ५४५ या प्रसिद्ध ऑसिलोस्कोपमध्ये कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारे टोक) उणे १३५० व्होल्टवर आणि पडद्याकडचा ॲनोड अधिक ८६५० व्होल्टवर असे, म्हणजे एकूण १०,००० व्होल्ट. पण प्लेट्सच्या जागी शलाकेला जाणवणारे व्होल्टेज १३५० च्या आसपासच असे. एवढे करूनही त्याच्या पडद्यावर उभी मोजपट्टी फक्त ४ सेंटिमीटरची आणि आडवी १० सेंटिमीटरची होती. पाच इंची काचेवर एवढीच उंची का, असे अनेकांना वाटते. उंची तोडून घेतली म्हणूनच प्लेट्स जवळ आणता आल्या, आणि प्लेट्स जवळ आल्या म्हणूनच ३० मेगाहर्ट्‌झ शक्य झाले.

आता आपल्या तीन इंची नळीकडे वळू. समजा, तिला १५०० व्होल्ट दिले आणि उभ्या प्लेट्सना सेंटिमीटरला ४० व्होल्ट लागले. पडद्यावर ६ सेंटिमीटर उंची हवी असेल तर दोन प्लेट्समध्ये २४० व्होल्टची हालचाल हवी. हे काम दोन व्हॉल्व्ह पुश-पुलमध्ये (एक वर जाताना दुसरा खाली असे) करतील, म्हणजे प्रत्येक ॲनोडवर १२० व्होल्ट. पुश-पुल येथे ऐच्छिक नाही: एकच प्लेट हलवली तर प्लेट्समधील सरासरी व्होल्टेज सिग्नलबरोबर वरखाली होते, ठिपक्याचा फोकस बिघडतो आणि चित्र एका बाजूला ताणलेले दिसते.

प्रत्येक बाजूचा कपॅसिटन्स मोजताना प्लेटचा जमिनीशी असलेला कपॅसिटन्स, दोन प्लेट्समधील कपॅसिटन्स, व्हॉल्व्हचा आउटपुट कपॅसिटन्स, सॉकेट आणि तार हे सगळे धरावे लागते, आणि पुश-पुलमध्ये दोन प्लेट्समधील कपॅसिटन्स प्रत्येक बाजूला दुप्पट भासतो हेही लक्षात ठेवावे लागते. काळजीपूर्वक बांधणी केली तरी सगळे मिळून १५ पिकोफॅरड होतातच. १० मेगाहर्ट्‌झला १५ पिकोफॅरडची रिअ‍ॅक्टन्स जेमतेम १०६० ओहम असते, म्हणून ॲनोडचा रोध त्याहून मोठा ठेवता येत नाही. पीकिंग कॉइल घातली तर, चौकोनी लहरीला उसळी न येऊ देता, तो सुमारे दीडपट म्हणजे १६०० ओहमपर्यंत नेता येतो. १६०० ओहमवर १२० व्होल्ट हलवायचे तर करंट ७५ मिलिअँपिअरने हलला पाहिजे. तो शून्यापर्यंत नेता येत नाही, कारण तेथे व्हॉल्व्ह वाकडा चालतो. म्हणून स्थिर अवस्थेत प्रत्येक व्हॉल्व्हमधून ४५ मिलिअँपिअर तरी वाहिले पाहिजेत. ॲनोडवर २०० व्होल्ट धरले तर हे ९ वॅट झाले. एवढे सोसणारा, बऱ्यापैकी ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिड एक व्होल्ट हलला की करंट किती बदलतो) असलेला आणि सहज मिळणारा व्हॉल्व्ह म्हणजे ईएल८४. त्याची मर्यादा १२ वॅट आहे आणि ट्रान्सकंडक्टन्स व्होल्टला सुमारे ११ मिलिअँपिअर. त्याचा गेन (सिग्नल किती पट होतो) या रोधावर सुमारे १७ पडतो.

या गणितात ईसीसी८३ ठेवून पाहा. त्याचा ट्रान्सकंडक्टन्स व्होल्टला १.६ मिलिअँपिअर आहे आणि तो एखाद-दोन मिलिअँपिअरवर चालणारा व्हॉल्व्ह आहे. नेहमीच्या १०० किलोओहम रोधावर आणि १५ पिकोफॅरडवर त्याची बँडविड्थ, व्हॉल्व्हचा आतला रोध धरूनही, सुमारे २५० ते ३०० किलोहर्ट्‌झ मिळते. रोध कमी करत १० मेगाहर्ट्‌झला आणला तर गेन २ सुद्धा उरत नाही, आणि १२० व्होल्ट हलवण्याचा प्रश्नच मिटतो. शिवाय त्याच्यासारख्या ट्रायोडमध्ये (एकच ग्रिड असलेल्या व्हॉल्व्हमध्ये) ॲनोड आणि ग्रिड यांमधील दीड-पावणेदोन पिकोफॅरड गेनने गुणले जाऊन आधीच्या टप्प्यावर बसतात. गेन ६० असेल तर ते १०० पिकोफॅरड होतात. ध्वनीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ईसीसी८३ उत्तम आहे, पण वेगवान उभ्या ॲम्प्लिफायरमध्ये त्याला जागा नाही.

मागे जाऊ. सेंटिमीटरला ०.१ व्होल्ट एवढी संवेदनशीलता हवी असेल तर एकूण गेन ४०० लागतो. शेवटच्या टप्प्याने १७ दिले, म्हणजे आधीच्या टप्प्यांकडून सुमारे २४ हवेत. पण ईएल८४ चा इनपुट कपॅसिटन्स मोठा आहे, तो ओढण्यासाठी मध्ये कॅथोड फॉलोअरची (सिग्नल न वाढवता फक्त भार ओढणाऱ्या टप्प्यांची) जोडी लागते. त्याआधीचे टप्पे १० मेगाहर्ट्‌झचे असून चालत नाहीत, कारण टप्पे जोडले की बँडविड्थ आकसते: सारखे दोन टप्पे जोडले तर ती ६४ टक्के उरते, तीन जोडले तर ५१ टक्के. म्हणून प्रत्येक टप्पा २० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा हवा, आणि ६एके५ सारख्या व्होल्टला ५ मिलिअँपिअरच्या पेंटोडकडून (तीन ग्रिडच्या व्हॉल्व्हकडून) तेथे कॉइल घालूनही टप्प्याला ४ च्या आसपासच गेन मिळतो. असे दोन-तीन टप्पे, प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, इनपुटला कॅथोड फॉलोअर, आणि उभ्या बाजूलाच दहा-बारा व्हॉल्व्ह झाले. जुन्या आकृत्यांमधली ती गर्दी अशी येते. तिच्यात चैनीचे फार थोडे असते.

येथे एक शंका सुचते, की दोन व्हॉल्व्ह समांतर जोडून करंट वाढवता येणार नाही का. साध्या जोडणीत ट्रान्सकंडक्टन्स दुप्पट होतो आणि कपॅसिटन्सही दुप्पट होतो, म्हणजे व्हॉल्व्हच्या वाट्याचा भाग जिथल्या तिथे राहतो आणि फायदा होतो तो फक्त प्लेट्स व तारांच्या स्थिर कपॅसिटन्सपुरता. यातून सुटण्याची वाट विल्यम पर्सिव्हल यांनी १९३६ च्या ब्रिटिश पेटंटमध्ये दाखवली: व्हॉल्व्हचे ग्रिड एका डिले लाइनवर (सिग्नल किंचित उशिरा पोहोचवणाऱ्या कॉइल-कपॅसिटरच्या साखळीवर) आणि ॲनोड दुसऱ्या डिले लाइनवर टप्प्याटप्प्याने जोडायचे, म्हणजे प्रत्येकाचा कपॅसिटन्स लाइनचाच भाग बनतो आणि करंट मात्र एकमेकांत मिळत जातात. हा डिस्ट्रिब्यूटेड ॲम्प्लिफायर. ५४५ च्या शेवटच्या उभ्या टप्प्यात हाच प्रकार आहे. त्याची जुळणी करायला आधीच एक चांगला ऑसिलोस्कोप आणि स्वच्छ, जलद चौकोनी लहर हाताशी असावी लागते, त्यामुळे पहिल्या बांधणीसाठी मी तो सुचवणार नाही.

माझा सल्ला असा आहे की बँडविड्थ १ मेगाहर्ट्‌झवर आणावी. हा आकडा ऐकून आपली निराशा होईल, पण तोच हिशेब पुन्हा मांडून पाहा. ॲनोडचा रोध दसपट म्हणजे १६ किलोओहम होतो, हलणारा करंट साडेसात मिलिअँपिअर होतो, आणि ५ मिलिअँपिअरवर चालणाऱ्या ईएफ८० च्या जोडीचे काम भागते. तेवढ्या करंटावर त्याचा ट्रान्सकंडक्टन्स ४ ते ५ धरला तर एकाच टप्प्यात ६५ ते ८० गेन मिळतो आणि आधी फक्त पाच-सहा पटीचा एक टप्पा लागतो. पेंटोड असल्यामुळे ॲनोडकडून ग्रिडवर परत येणारा कपॅसिटन्सही नगण्य राहतो. इनपुटच्या कॅथोड फॉलोअरसह पाच-सहा व्हॉल्व्हमध्ये संपूर्ण उभी बाजू बसते. १ मेगाहर्ट्‌झ म्हणजे उठावाची वेळ सुमारे ०.३५ मायक्रोसेकंद, ध्वनी, वीजपुरवठे, रिले आणि मोटरचे नियंत्रण हे सगळे त्यात आरामात दिसते. मधला मार्गही आहे: ३ ते ४ मेगाहर्ट्‌झ हवे असतील तर पूर्ण उंचीचा आग्रह सोडावा आणि वेगवान सिग्नल २ सेंटिमीटर उंचीतच पाहावा.

आत्तापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर करंट बँडविड्थ, कपॅसिटन्स आणि व्होल्टची हालचाल यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो, आणि यांतले कोणतेही एक निम्मे केले की व्हॉल्व्हवरचा भार निम्मा होतो.

वाचलेले व्हॉल्व्ह कुठे खर्च करावेत याविषयी माझे मत पक्के आहे: ते टाइमबेसमध्ये खर्च करावेत. आपल्या आराखड्यातला थायराट्रॉन ही सर्वांत जुनी पद्धत आहे. कपॅसिटर भरत जातो, थायराट्रॉन पेटून तो रिकामा करतो, आणि हे चक्र आपोआप चालू राहते. सिग्नलचा थोडा अंश ग्रिडवर टाकून ते चक्र सिग्नलच्या पटीत अडकवायचे. यात तीन अडचणी आहेत. वायूतले आयन विरायला वेळ लागतो, म्हणून काही दहा किलोहर्ट्‌झच्या वर स्वीप (ठिपक्याची डावीकडून उजवीकडची फेरी) जात नाही. ५० किलोहर्ट्‌झच्या स्वीपवर १ मेगाहर्ट्‌झची लहर पाहिली तर वीस आवर्तने एकमेकांना चिकटून उभी राहतात. दुसरे, सिग्नल अनियमित असेल, उदाहरणार्थ एखादी विरळ येणारी पल्स, तर ती पडद्यावर कधीच स्थिर होत नाही. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते: सिंक्रोनाइझ करताना स्वीपचा वेग थोडा बदलतो, त्यामुळे सेंटिमीटरला इतके मायक्रोसेकंद असे ठामपणे म्हणता येत नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या ५११ ने १९४७ मध्ये ट्रिगरवर (सिग्नलच्या ठरावीक कडेवर) सुरू होणारा आणि वेळेत कॅलिब्रेट केलेला स्वीप बाजारात आणला, तेव्हा ऑसिलोस्कोप हे वेळ मोजण्याचे उपकरण झाले. तो गुण आपल्या लहान ऑसिलोस्कोपमध्येही आणता येतो आणि त्याला फार काही लागत नाही.

ट्रिगरच्या वाटेवर आधी एक डिफरन्शियल जोडी (दोन इनपुटमधला फरक वाढवणारे दोन व्हॉल्व्ह) ठेवावी, तिच्या दोन ॲनोडपैकी कोणता घ्यायचा यावर चढती की उतरती कड हे ठरते. तिच्यापुढे श्मिट ट्रिगर, म्हणजे इनपुट कितीही सावकाश चढले तरी आउटपुटची कड नेहमी तीव्र मिळते. ती कड स्वीप गेटला (स्वीप चालू-बंद करणाऱ्या सर्किटला) पलटवते, आणि गेट मिलर इंटिग्रेटरला (सरळ रेषेत चढणारे व्होल्टेज देणाऱ्या सर्किटला) मोकळे सोडतो. मिलर इंटिग्रेटरचे सौंदर्य त्याच्या आकड्यांत दिसते. पेंटोडच्या ॲनोडपासून ग्रिडकडे कपॅसिटर जोडा आणि ग्रिडकडून उणे १५० व्होल्टकडे १०० किलोओहमचा रोध जोडा, रोधातून १.५ मिलिअँपिअर वाहतात. कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा असेल तर ॲनोड मायक्रोसेकंदाला १५ व्होल्टने चढतो, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत १५० व्होल्ट, आणि आडव्या ॲम्प्लिफायरने १५ व्होल्टचा १ सेंटिमीटर केला की सेंटिमीटरला १ मायक्रोसेकंद झाला. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड केला की तोच स्वीप सेंटिमीटरला १ मिलिसेकंद होतो. व्हॉल्व्हचा गेन १०० असेल तर या सगळ्या प्रवासात ग्रिड फक्त दीड व्होल्ट हलतो, म्हणून रोधातला करंट जवळजवळ स्थिर राहतो आणि रेषेचा वाकडेपणा १ टक्क्याच्या आसपास राहतो.

ॲनोड आणि कपॅसिटर यांच्यामध्ये एक कॅथोड फॉलोअर जरूर घाला. त्यामुळे कपॅसिटर आणि पुढच्या टप्प्याचा भार पेंटोडच्या ॲनोडवरून उतरतो आणि वेगवान स्वीपची सुरुवात सरळ होते. वेळेचे कपॅसिटर मायका किंवा पॉलिस्टायरीनचे घ्यावेत, कागदी कपॅसिटरची गळती सावकाश स्वीपला वाकवते.

या भागात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते होल्ड-ऑफकडे. स्वीप संपल्यावर कपॅसिटर मूळ पातळीला पूर्ण परत येईपर्यंत नवा ट्रिगर स्वीकारायचा नाही, एवढेच त्याचे काम आहे. तो कमी पडला की काय दिसते ते सांगतो: रेषेचे डावे टोक एका जागी राहत नाही, एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात दोन-तीन फिकट टोके दिसतात, आणि चढती कड दोनदा उमटल्यासारखी वाटते. हे पाहून बहुतेक जण ट्रिगरचा श्मिट तपासत बसतात. मी आधी होल्ड-ऑफचा कपॅसिटर दुप्पट करून पाहतो, आणि टोके एकत्र आली तर शोध तेथेच संपतो.

स्वीप चालू असतानाच ठिपका दिसावा म्हणून गेटची पल्स सीआरटीच्या ग्रिडवरही द्यावी लागते. ग्रिड उणे १५०० व्होल्टच्या आसपास असल्यामुळे ती कपॅसिटरमधून द्यावी लागते, आणि सावकाश स्वीपवर कपॅसिटरमागची पल्स खचत जाऊन रेष उजवीकडे मंदावते. मोठ्या उपकरणांत यासाठी ग्रिडचा उच्चदाब पुरवठाच वेगळा, तरंगता ठेवून तो गेटच्या कॅथोड फॉलोअरवर बसवत असत. आपण ३ किलोव्होल्ट सोसणारा कपॅसिटर वापरावा आणि सावकाश स्वीपवर ही सोय बंद करणारा स्विच ठेवावा. तेथे परतीची रेष इतकी झटकन जाते की ती डोळ्याला फारशी जाणवत नाही.

डिले लाइन आपल्याला लागणार नाही. ट्रिगर ओळखणे, गेट पलटणे आणि ठिपका उजळणे यांत एक-दोन दशांश मायक्रोसेकंद जातात, म्हणून ५४५ मध्ये उभा सिग्नल ०.२ मायक्रोसेकंद थांबवून ठेवत. आपल्या उठावाची वेळच त्याहून जास्त आहे, तेव्हा कडेचा फार थोडा भाग हुकेल.

आता उभ्या ॲम्प्लिफायरच्या स्थैर्याविषयी. डीसीपर्यंत सगळे टप्पे सरळ जोडायचे ठरवले, आणि मी तसेच सुचवेन, तर फिलामेंटचे व्होल्टेज १० टक्क्यांनी बदलल्यावर कॅथोडचे काम सुमारे ०.१ व्होल्टने सरकते, जणू ग्रिडवर तेवढा सिग्नल आला. आपली संवेदनशीलता सेंटिमीटरला ०.१ व्होल्ट आहे, म्हणजे घरची वीज हलली की रेष एक सेंटिमीटर सरकणार. पहिल्या टप्प्यात एकाच काचेतला दुहेरी ट्रायोड डिफरन्शियल जोडी म्हणून वापरला तर दोन्ही अर्ध्यांचे सरकणे बरेचसे एकमेकांना खाऊन टाकते. उरलेल्यासाठी पहिल्या टप्प्याचे फिलामेंट स्थिर डीसीवर ठेवावे, त्याने ५० हर्ट्‌झचा गुणगुणाटही जातो. वीजपुरवठे नियंत्रित हवेत याचे कारणही हेच आहे. ५४५ मध्ये उणे १५० व्होल्टचा पुरवठा ५६५१ या वायूच्या संदर्भ नळीवर बांधलेला आहे आणि अधिक १००, २२५, ३५० व ५०० व्होल्टचे सगळे पुरवठे त्या उणे १५० कडे पाहून स्वतःला सावरतात. आपल्याला उणे १५० आणि अधिक ३०० असे दोन नियंत्रित पुरवठे पुरतील.

इनपुटच्या ॲटेन्युएटरमध्ये (मोठा सिग्नल लहान करणाऱ्या भागात) रोधांइतकेच महत्त्व त्यांच्यावरच्या ट्रिमरना (जुळवता येणाऱ्या छोट्या कपॅसिटरना) आहे. वरच्या रोधाचा आणि त्याच्या कपॅसिटरचा गुणाकार खालच्या जोडीच्या गुणाकाराएवढा असेल तरच भागाकार सर्व फ्रीक्वेन्सींना सारखा होतो. १ किलोहर्ट्‌झची चौकोनी लहर लावावी आणि पुढचा कोपरा गोलावा किंवा टोक न काढता सरळ होईपर्यंत ट्रिमर फिरवावा. पहिला व्हॉल्व्ह निवडताना ग्रिड करंट मात्र मोजून घ्यावा: १ मेगओहमवर १० नॅनोअँपिअर गेले तरी १० मिलिव्होल्ट होतात, आणि ॲटेन्युएटर फिरवला की रेष उडी मारते.

उच्चदाबाविषयी सावधपणे लिहितो. आपण ५० हर्ट्‌झच्या ट्रान्सफॉर्मरवरून १५०० व्होल्ट काढणार असाल तर गाळणीला ०.५ मायक्रोफॅरडच्या आसपास कपॅसिटर लागतो आणि त्यात अर्ध्या ज्यूलहून अधिक ऊर्जा साठते; शिवाय त्या वाइंडिंगला जीव घेण्याइतका करंट देता येतो. याउलट, जुन्या उत्तम उपकरणांत ५० ते ६० किलोहर्ट्‌झच्या ऑसिलेटरवरून उच्चदाब काढत. तेथे ०.०१ मायक्रोफॅरड पुरतो, साठलेली ऊर्जा पन्नासाव्या हिश्श्यावर येते, आणि जास्त भार पडला तर ऑसिलेटर बसतो. मी तोच मार्ग घ्या म्हणेन, आणि तरीही कपॅसिटरवर कायमचा ब्लीडर रोध (वीज बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) ठेवा, झाकण उघडल्यावर तो कपॅसिटर रिकामा झाल्याचे मीटरने पाहिल्याशिवाय हात घालू नका. फोकस आणि इंटेन्सिटीचे पोटेन्शिओमीटर या उणे उच्चदाबावर बसतात, म्हणून त्यांचे दांडे इन्सुलेटिंग हवेत. सीआरटीच्या फिलामेंटचे वाइंडिंगही त्याच दाबावर असते, म्हणून ते इतर कशातही सामायिक करता येत नाही. आपल्या ‘एकच ट्रान्सफॉर्मर’ या कल्पनेत ही अट आधी लिहून ठेवा.

ठिपका एका दिशेत बारीक आणि दुसऱ्या दिशेत जाड राहत असेल तर फोकसशी झगडू नये. शेवटच्या ॲनोडचे व्होल्टेज उभ्या प्लेट्सच्या सरासरी व्होल्टेजएवढे आहे का ते पाहावे. आपल्या प्लेट्स २०० व्होल्टच्या आसपास बसतील, तेव्हा तो ॲनोडही तेथेच, एका पोटेन्शिओमीटरने थोडा वरखाली करता येईल असा हवा.

चासीला भोके पाडण्याआधी एक प्रयोग करावा. सीआरटी तात्पुरती चालू करून प्लेट्स शांत ठेवाव्यात, ठिपका मंद ठेवावा, आणि पूर्ण झाकलेल्या जोडणीच्या लांब तारांवर मुख्य ट्रान्सफॉर्मर तिच्या मागे वेगवेगळ्या कोनांत ठेवून पाहावा. बहुतेक कोनांत ठिपक्याची छोटी रेघ होते, कारण ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र शलाकेला ५० हर्ट्‌झने हलवते. एखाद्या कोनात ती रेघ आक्रसून पुन्हा ठिपका होतो. ट्रान्सफॉर्मर त्या कोनात बसवावा, आणि सीआरटीभोवती म्यूमेटलचे (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे) आवरण तरीही घालावे.

सुट्या भागांसाठी आपण एखादा जुना टेक्ट्रॉनिक्स उघडणार असाल तर त्यातल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांवर साधे सोल्डर वापरू नये. खाचांमधला चांदीचा थर साध्या सोल्डरमध्ये विरघळत जातो आणि पुढे डाग धरत नाही. थोडी चांदी मिसळलेले सोल्डर लागते, आणि त्याची छोटी गुंडाळी कारखान्यातूनच उपकरणाच्या आत लावलेली असे.

अशा उपकरणातून काढलेले व्हॉल्व्ह टेस्टरवर उत्तम दिसतात आणि तरीही उभ्या ॲम्प्लिफायरमध्ये वाईट निघू शकतात. फिलामेंट तापलेले पण करंट वाहत नाही अशा अवस्थेत व्हॉल्व्ह दीर्घकाळ राहिला की कॅथोडची निकेलची नळी आणि तिच्यावरचे ऑक्साइड यांच्या मध्ये एक रोधक थर तयार होतो. त्या थराचा स्वतःचा कपॅसिटन्सही असतो, म्हणून जलद बदलांना तो आडवा येत नाही आणि सावकाश बदलांना येतो. चौकोनी लहरीवर याची खूण स्पष्ट दिसते: कड उठून थोडी वर जाते आणि मायक्रोसेकंदाच्या आसपास खाली बसते. ॲटेन्युएटर किंवा पीकिंग कॉइल कितीही जुळवली तरी ही उसळी जात नाही, व्हॉल्व्ह बदलला की जाते. म्हणून गेट आणि ट्रिगरमध्ये दीर्घकाळ बंद अवस्थेत बसलेले व्हॉल्व्ह उभ्या ॲम्प्लिफायरकडे आणू नयेत. उलट दिशेने नेले तर मात्र चालतात.

बांधणीचा क्रम मी असा ठेवीन: आधी उच्चदाब आणि सीआरटी, मग उभ्या बाजूचा शेवटचा टप्पा, आणि त्यानंतर मिलरचा टाइमबेस, म्हणजे पुढचे टप्पे स्वतःच्याच पडद्यावर पाहून जुळवता येतात. आपल्या सीआरटीचा क्रमांक आणि तिच्या प्लेट्सची जोडणी कळवलीत तर ४० व्होल्ट आणि १५ पिकोफॅरड या धरलेल्या आकड्यांच्या जागी तिचे खरे आकडे घालून ॲनोडचे रोध आणि पीकिंग कॉइल्स काढून देता येतील.